टर्बो लावलेली एमएक्स-५, करवतीसारखा हलणारा आरपीएमचा काटा आणि गार पडलेली थ्रॉटल बॉडी

गाडी आहे पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५, १.६ लिटरची. १९८९ ला आलेलं हे मॉडेल, बटण दाबलं की वर येणारे हेडलाइट, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, वजन इतकं कमी की मूळच्या ताकदीतही चालवायला मजा येते. मित्राने घेतली तेव्हाच तिला टर्बो बसवलेला होता, सोबत कंपनीचं एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारं) काढून मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) चालणारा स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिनचा बाहेरून बसवलेला कॉम्प्युटर, मूळच्या दुपटीहून मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमध्ये बसून मिक्श्चर मोजणारा; लॅम्बडा १.० म्हणजे बरोबर, त्याहून जास्त म्हणजे लीन, पेट्रोल कमी). कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) मात्र कंपनीचेच. हे कॅमशाफ्टचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तक्रार अशी की थंड इंजिन मस्त स्टार्ट होतं, पहिली काही मिनिटं रेस जरा जास्त असते पण स्थिर असते. इंजिन तापलं की मात्र काटा ११५० ते १७५० मध्ये वर-खाली सुरू, दर दीडेक सेकंदाला एक फेरी, आणि तुम्ही काही केलं नाही तर हे टाकी संपेपर्यंत चालेल. त्यात फॅन किंवा हेडलाइट लागले की कधीकधी एकदम खाली येऊन बंदच पडते. मित्राला प्रत्येक सिग्नलला पायाने ॲक्सिलरेटर किंचित धरून ठेवायची सवयच लागली होती.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालेलं. एकाने आयडल व्हॉल्व्ह (पाय काढलेला असताना इंजिनला हवा देणारा) नवीन टाकला, फरक शून्य. दुसऱ्याने मिक्श्चर रिच करून दिलं, म्हणजे पेट्रोल वाढवलं, त्याने प्लग काळे झाले, पेट्रोलचा वास यायला लागला, काटा जसाच्या तसा. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, मॉडिफाइड गाडी आहे, हे असंच राहणार.

ह्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. मोठ्या ओव्हरलॅपचे कॅम असतील तर आयडल खडबडीत होतं हे खरंय, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, कमी आरपीएमला जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये येतो, मॅप सेन्सरचा सिग्नलही थरथरतो. पण इथे कॅम कंपनीचे होते! टर्बो तर आयडलला जवळजवळ काहीच काम करत नसतो. मग हे इंजिन ८५० ला शांत चालायला हवं, कंपनीचा आकडाही ८५० अधिक-उणे ५० हाच आहे.

आता आयडल म्हणजे नक्की काय ते दोन ओळीत सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ८५० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साधारण २८ वेळा फायर होतं, म्हणजे दोन स्फोटांमध्ये ३५ मिलिसेकंद. इतक्या वेळात ते जेमतेम स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर आणि वॉटर पंप ओढण्याइतकी ताकद बनवतं, शिल्लक काही नाही. म्हणून जरा हवा वाढली की रेस वाढते, जरा पेट्रोल कमी पडलं की दम लागतो. ईसीयूकडे हे सांभाळायला तीन हात असतात. इग्निशन टायमिंग, ज्याचा परिणाम पुढच्याच स्फोटाला दिसतो. आयडल व्हॉल्व्हची हवा, जी मॅनिफोल्ड भरायला वेळ घेते म्हणून सुस्त आहे. आणि लॅम्बडा करेक्शन, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करणं, जे सगळ्यात उशिरा येतं कारण वायू एक्झॉस्टमधून सेन्सरपर्यंत पोचायला लागतो, टर्बोच्या मागे सेन्सर असेल तर अजूनच उशीर. हे तिघं एकमेकांना न विचारता एकाच काट्याला ओढायला लागले की हंटिंग, म्हणजे काट्याचं हे वर-खाली होणं, सुरू होतं. त्यामुळे माझा पहिला नियम, मशीन यांत्रिकदृष्ट्या ठीक आहे हे कळेपर्यंत मॅपमधल्या (ईसीयूमधली आकड्यांची टेबलं, मॅप सेन्सर वेगळा) एकाही आकड्याला हात लावायचा नाही.

तर सुरुवात कंटाळवाण्या गोष्टींपासून. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १६५ ते १७२ पीएसआयच्या दरम्यान, सगळे एकमेकांच्या जवळ, त्यामुळे इंजिन आतून बरं आहे. प्लग साफ करून परत टाकले. टायमिंग लाइट लावली, ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशावर लॉक केलं आणि पुलीवरची खूण बघितली, १० च. (स्टँडअलोन ईसीयूवाल्या गाडीत हे प्रत्येकाने करावं, स्क्रीनवर दिसणारं टायमिंग आणि क्रँकवरचं खरं टायमिंग हे वेगळं निघू शकतं, आणि मग तुम्ही महिनोन्महिने चुकीच्या आकड्यांवर ट्यून करत बसता.) एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडाला लीक नाही ना तेही बघितलं, कारण तिथून दोन पल्सच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. ते नव्हतं.

मग स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये एकदम कमी प्रेशरने धूर भरायचा आणि कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून बघायचं. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या बुडाशी एक बारीक रेघ निघाली धुराची, रबर सील कडक होऊन चिरलेलं. चारही सील बदलले. खूप आशा होती, पण गरम झाल्यावर काटा परत तसाच, ११५०, १७५०, ११५०. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, बरेच जण लीक शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारतात, टर्बोवाल्या गाडीत ते करू नका. लाल होणारं टर्बाइन हाउसिंग बाजूलाच असतं आणि तो स्प्रे भडकतो.

आणि लीकबद्दल अजून एक, जे मला वाटतं ह्या केसमध्ये सगळ्यांना चकवत होतं. एअरफ्लो मीटरवाल्या गाडीत मीटर आणि इंजिनच्या मध्ये कुठे लीक असेल तर ती हवा मोजलीच जात नाही, मिक्श्चर लीन होतं, इंजिन खडबडतं. मॅप सेन्सरवाल्या गाडीत तसं होत नाही. हवा कुठूनही आली तरी मॅनिफोल्डमधलं प्रेशर वाढतं, सेन्सर ते बघतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल देतो. म्हणजे लॅम्बडा ठीक दिसतो आणि फक्त रेस वाढते. मिक्श्चर बघून लीक शोधणारा माणूस इथे फसतोच, कारण मिक्श्चर निर्दोष दिसत असतं.

आता लॅपटॉप जोडला, दोन मिनिटांचा लॉग घेतला, आरपीएम, मॅप सेन्सरचं प्रेशर, लॅम्बडा, आयडल व्हॉल्व्हची ड्यूटी (ईसीयू तो किती उघडतोय), टायमिंग, बॅटरी व्होल्टेज आणि इंजेक्टरची पल्स (त्याला दर वेळी किती वेळ करंट दिला). मी आधी आरपीएम आणि आयडल व्हॉल्व्हच बघत होतो कारण सगळ्यांना तोच संशय होता, व्हॉल्व्ह तर किमान ड्यूटीवर जाऊन चिकटून बसलेला, सरळ रेघ, हलतच नव्हता. म्हणजे हंटिंग तो करत नाहीये. मग सहज इंजेक्टर पल्सची रेघ वर आणली आणि झूम केलं. आरपीएम चढतोय चढतोय, १७०० ओलांडतो, आणि त्याच क्षणी पल्स शून्य. थोडी कमी वगैरे काही नाही, सपाट शून्य. आरपीएम धाडकन खाली, ओघात ११५० पर्यंत, मध्ये १२०० ला पल्स परत आलेली. परत चढण.

हा ओव्हररन फ्युएल कट होता. उतारावर पाय काढला की पेट्रोल बंद करायची ती सोय. ईसीयूचा नियम साधा, थ्रॉटल बंद आहे आणि आरपीएम १७०० च्या वर आहे, म्हणजे ड्रायव्हरने पाय काढलाय, पेट्रोल बंद करा, १२०० च्या खाली आला की चालू करा. ईसीयू त्याचं काम चोख करत होता. खरा प्रश्न असा की पाय काढलेला असताना, आयडल व्हॉल्व्ह मिटलेला असताना, गरम इंजिन १७०० पर्यंत चढण्याइतकी हवा आणतंय कुठून? आणि थंड असताना हे का होत नाही तेही इथेच उलगडलं, मॅपमध्ये थंड इंजिनसाठी कटची मर्यादा बरीच वर ठेवलेली होती, शिवाय थंड जाड ऑइलमुळे रेस तितकी चढतच नव्हती.

मित्र म्हणाला, अरे मग कट-ऑफच बंद करून टाकू ना, दोन क्लिकचं काम आहे. मी नाही म्हटलं. तसं केलं असतं तर करवत थांबली असती आणि गाडी कायमची १८०० ला उभी राहिली असती.

पुढची टेस्ट अगदी साधी आहे आणि फुकट आहे. एअरफ्लो मीटर नसल्यामुळे ह्या गाडीचा थ्रॉटलला येणारा पाइप काढूनही इंजिन चालतं. तो काढला, इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, करवत सुरू झाली. बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या आतली फिरणारी चकती) अलीकडे खालच्या अंगाला एक भोक असतं, आयडलची हवा तिथून आत शिरून बटरफ्लायला वळसा घालून पलीकडे जाते. अंगठी काढली, बाही वर केली, फडकं वगैरे बाजूला ठेवलं आणि त्या भोकावर बोट दाबलं. बोटाच्या पेराला ती ओढ जाणवते, चांगली जोरात. काटा सरळ खाली, नऊशे, आठशे, इंजिन गुदमरायला लागलं, बोट काढलं, परत १७००.

त्या एका बोटाने सगळा संशय एका जागी आणून ठेवला. हवा मॅनिफोल्ड गॅस्केटमधून येत नाही, ब्रेक बूस्टरच्या पाइपमधून येत नाही, पीसीव्हीमधून (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकला नेणारा पाइप) येत नाही, ती आयडलच्याच रस्त्याने येतेय. पण त्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह तर बंद, आणि नवीन. बायपासचा स्क्रू (आयडलची हवा हाताने कमी-जास्त करायचा) बघितला, तोही पूर्ण आवळलेला, कोणीतरी आधी रेस उतरवायच्या नादात पिळून ठेवलेला. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू मात्र रंगाच्या खुणेसकट शाबूत, नशीब.

मग तिसरा रस्ता उरला. ह्या १.६ मध्ये थ्रॉटल बॉडीच्या खाली जो आयडलचा डबा असतो त्यात दोन गोष्टी असतात, एक ईसीयू चालवतो तो सोलेनॉइड, आणि दुसरा एक साधा मेणाचा व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटसारखा. इंजिन थंड असताना तो उघडा असतो आणि जास्तीची हवा देतो. इंजिनचं गरम पाणी त्या डब्यातून फिरतं, मेण फुगतं, रस्ता बंद होतो. त्याला वायर नाही, सेन्सर नाही, लॅपटॉपवर तो कुठेच दिसत नाही.

थ्रॉटल बॉडीच्या खाली हात घातला. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चाललेलं, पाणी ८८ डिग्रीवर, सिलिंडर हेडला हात लावायची सोय नाही, आणि तो डबा गार! नुसता कोमट म्हणता येईल इतकाच. आरसा आणि टॉर्च लावून बघितलं तर पाण्याचे दोन्ही निपल मोकळे, वर रबरी टोप्या आणि क्लिपा. होज काढून टाकलेल्या. टर्बो बसवताना त्याच पाण्याच्या लाइनी टर्बोला दिल्या होत्या, आणि पूर्वीच्या मालकाकडून मित्राला हेही कळलेलं की थ्रॉटल बॉडी गरम पाण्याने तापू नये, आत जाणारी हवा गार राहावी म्हणून ते मुद्दाम केलंय.

हा मॉड खूप जण करतात, आणि ज्या गाड्यांमध्ये ते पाणी फक्त थ्रॉटलवर बर्फ धरू नये म्हणून फिरवलेलं असतं तिथे त्याने बिघडत काही नाही. पण ह्या इंजिनमध्ये तेच पाणी व्हॉल्व्ह बंद करतं. ते काढलं म्हणजे इंजिनला कायम वाटत राहणार आपण आत्ताच थंड स्टार्ट झालोय. आणि हवा थ्रॉटल बॉडीतून इतक्या झटक्यात निघून जाते की तिथे ती तापून ताकद कमी होते हे मला तरी पटत नाही, टर्बोवाल्या गाडीत इनटेकचं तापमान इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) ठरवतो.

टी जोड टाकून पाणी परत फिरवलं, टर्बोलाही आणि डब्यालाही, सिस्टिममधली हवा नीट काढली. गरम केलं. १५००, १३००, ११००, काटा हळूहळू उतरत गेला आणि ७०० च्या खाली जाऊन इंजिन बंद पडायला आलं. अर्थात, बायपास स्क्रू पूर्ण आवळलेला होता ना. तो दीड फेरा उघडला, ८७० ला आलं. करवत गेली ती गेलीच.

इथे थांबता आलं असतं, मित्र खूश होता. पण पाच मिनिटं बघत बसलो तर दुसरंच दिसायला लागलं. काटा आता ७८० ते ९८० मध्ये संथ लाटेसारखा, चार-पाच सेकंदांची एक लाट. आणि डॅशवरचं हेडलाइट वर करायचं बटण दाबलं, ते दोन डोळे वर आले, आणि इंजिनने अक्षरशः श्वास सोडला, ६०० पर्यंत खाली. लाइट पेटवल्या पण नव्हत्या, नुसत्या मोटर फिरल्या. लाइट आणि फॅन एकदम लागले तर बंद.

लॉगमध्ये बघितलं, मोटर फिरताना व्होल्टेज १४.० वरून १२.७, आणि त्याच क्षणी लॅम्बडा १.० वरून १.१८. म्हणजे लोडने इंजिन दबतंय हे अर्धंच खरं, त्या क्षणी त्याला पेट्रोलही कमी मिळतंय. इंजेक्टरचं सेटिंग उघडलं आणि कारण समोरच होतं. डेड टाइमच्या टेबलात सगळ्या व्होल्टेजला एकच आकडा भरलेला.

डेड टाइम म्हणजे इंजेक्टरला करंट दिल्यापासून तो खरोखर पेट्रोल सोडायला लागेपर्यंत वाया जाणारा वेळ. व्होल्टेज कमी तर कॉइल सुस्त, वाया जाणारा वेळ जास्त. ह्या गाडीचा हिशोब मांडून दाखवतो. आयडलला एकूण पल्स १.९ मिलिसेकंद. १४ व्होल्टला त्यातले ०.९५ वाया, म्हणजे पेट्रोल पडतं ते उरलेल्या ०.९५ मध्ये. १२.७ व्होल्टला वाया जातात १.१, उरले ०.८. ईसीयूला हे माहीतच नाही, तो तीच १.९ ची पल्स देतोय. पेट्रोल जवळपास १६ टक्के कमी. इंजेक्टर लहान असते तर आयडलची पल्सच लांब असती आणि ०.१५ ची चूक पचून गेली असती, मोठ्या इंजेक्टरमध्ये निम्मी पल्स डेड टाइममध्येच जाते म्हणून तीच चूक गाडी बंद पाडते. टॉप एंडला हे जाणवतसुद्धा नाही, तिथे पल्स दहा-पंधरा मिलिसेकंदांची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

संथ लाटही त्यातलीच. व्होल्टेज जरा हललं की मिक्श्चर हलायचं, लॅम्बडा करेक्शन उशिरा धावून यायचं आणि गरजेपेक्षा जास्त दुरुस्त करायचं, मग उलट्या बाजूला. करेक्शन बंद केलं तेव्हा लाट लगेच थांबली, त्यावरून खात्री झाली.

टेबल भरायच्या आधी व्होल्टेज इतकं पडतंय का ते बघितलं. ह्या गाडीत बॅटरी मागे डिकीत असते, केबल लांब, त्यामुळे अर्थिंगला फार महत्त्व आहे. फॅन आणि लाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावलं, ०.३ व्होल्ट. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी काढली तर खाली रंग आणि गंज, टर्बोच्या कामात काढून तशीच रंगावर कसलेली. घासून, नवीन बोल्ट टाकून कसली, ०.०४ झालं. मोटर फिरतानाचं व्होल्टेज आता १३.२ च्या खाली जात नव्हतं.

मग डेड टाइम. इंजेक्टरचा डेटा मिळाला तोच भरला, आणि पडताळायला एक पद्धत वापरली जी डेटा नसेल तेव्हाही चालते. इंजिन पूर्ण गरम, लॅम्बडा करेक्शन बंद, आयडल व्हॉल्व्ह एका ड्यूटीवर लॉक. आता एकेक लोड लावायचा, लाइट, फॅन, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, व्होल्टेज पायरी पायरीने खाली येतं, आणि प्रत्येक पायरीला त्या व्होल्टेजचा डेड टाइम असा जुळवायचा की लॅम्बडा जागचा हलणार नाही. घाई करायची नाही, प्रत्येक पायरीला अर्धा मिनिट द्यायचा.

त्यानंतर आयडलच्या आसपासचे फ्युएल मॅपचे खण परत केले, कारण डेड टाइम बदलला की ते सगळे आकडे सरकतात. पूर्वी रिच करून ठेवलेलं तेही ह्यातच निघालं. शेजारशेजारच्या खणांमध्ये उड्या ठेवल्या नाहीत. टायमिंगला थोडी युक्ती, ९०० ला १२ अंश, ७५० ला १८, ११०० ला ८. काटा खाली घसरला तर टायमिंग आपोआप वाढून त्याला वर उचलतं, चढला तर खाली दाबतं, आणि हे पुढच्याच स्फोटाला होतं, व्हॉल्व्हची वाट बघावी लागत नाही. मग व्हॉल्व्हचं फीडबॅक चालू केलं, मुद्दाम सुस्त ठेवून, आणि फॅनचा रिले लागताना व्हॉल्व्ह जरा आधीच उघडेल असं सेटिंग. सगळ्यात शेवटी लॅम्बडा करेक्शन, आयडलला फक्त ५ टक्क्यांपर्यंत हात मारायची परवानगी देऊन.

एक छोटी गोष्ट राहिली आहे. कडक गरम गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्ट केली तर पहिले चार-पाच सेकंद लीन होऊन जरा अडखळते, इनटेकचा तापमान सेन्सर मॅनिफोल्डवर बसवलेला आहे आणि तो उभ्या गाडीत तापतो, ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे. सेन्सर इंटरकूलरच्या पुढच्या पाइपवर हलवायचं ठरलंय.

त्या संध्याकाळी इंजिन गरम असताना मित्राला म्हटलं, दाब बटण. हेडलाइट वर आले, फॅन त्याच वेळी सुरू झाला, काटा ८७० वरून ८३० ला आला आणि परत ८७०. त्याने हेडलाइट खाली केले, परत वर केले, परत खाली, सहा-सात वेळा तेच करत बसला, पाय ॲक्सिलरेटरपासून लांब ठेवून.